अण्णा, मी काम घरी आणलं

अण्णा, महाद्वाराच्या रस्त्यावरची तुमची बैठक मी सोडली, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आता सांगणार तरी कुठं? पण ती बैठक तुमची होती, तुमच्या वडिलांचीही होती, म्हणजे सांगायला हवं होतं ते तुम्हालाच. दोन कुंकवाच्या दुकानांच्या मधली, माणूस मांडी घालून बसेल एवढीच ती फळी, वर तरटाचं छत, पुढं टांगलेले करदोटे आणि काळ्या मण्यांचे सर. आता तिथं एक परडीवाला बसतो. माणूस चांगला आहे. जाता-येता मी त्याला रामराम करतो. आता निजामाचं राज्य गेलं, रझाकारांची धास्ती सरली, सोलापूरच्या मोटारी पुन्हा यात्रेकरूंनी भरून यायला लागल्या. परवा तुमची सून म्हणाली, "पोरं मोठी झाली की आता. बाजारात बसा पुन्हा." मी "बघू" म्हणालो. पण बघायचं काही उरलेलं नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून हा कागद घेऊन बसलो.

तुमच्या सुनेला तुम्ही पाहिलं नाहीत. धाकटी अंगावर पीत होती तेव्हा तिला खोकला लागला, तो जाईचना. इथल्या वैद्यांचे काढे झाले, देवीचा अंगारा झाला. शेवटी सोलापूरला नेलं तर डॉक्टर म्हणाले, छातीचा रोग आहे, लेकरं जवळ घेऊ देऊ नका, मिरजेकडं मोठा दवाखाना आहे तिथं ठेवा. तिचा भाऊ न्यायला आला. मोटारीच्या अड्ड्यावर ती लांबच उभी राहिली, तोंडावर पदर धरून. पोरगी माझ्या कडेवरून तिच्याकडं झेपावत होती आणि ती एकेक पाऊल मागं सरत होती. जाता जाता एवढंच म्हणाली, "भाकरी दुधात कुस्करा, पण गाठी ऱ्हाऊ देऊ नका. तिला ठसका लागतो." मोटार गेली. एका हाताला पाच वर्षांचा मुलगा आणि कडेवर ही. मला तोवर दूध किती तापवायचं तेही माहीत नव्हतं.

आधी मी दोघांना बाजारात नेऊन पाहिलं. पौर्णिमेची गर्दी होती. एका बाईच्या गळ्यातल्या पोतीला गोंडा बांधत होतो, मान वर केली तर मुलगा दिसेना. कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्यांवर सापडला, पाण्याकडं बघत एकटाच बसलेला. त्याच दिवशी मी फळी आवरली, मण्यांच्या पेट्या डोक्यावर घेतल्या आणि घरी आलो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी चटई टाकली. आडावर लोक बोलायचेच. एक जण तर तोंडावर म्हणाला, "बायकूची जागा घेतली व्हय रं? आता बांगड्या बी भर." मी हसलो. घागर भरून घरी आलो, आणि भाकरी थापता थापता मात्र त्याला काय काय बोलायला हवं होतं ते सगळं बोललो.

त्या दिवसांत तुमची फार आठवण यायची, अण्णा, आणि खरं सांगतो, ती आदराची आठवण नव्हती. राग यायचा. पहाटे देवळात चौघडा सुरू झाला की तुम्ही निघायचात आणि आम्ही निजल्यावर परत यायचात. तुम्ही आम्हाला बहुतेक झोपलेलंच पाहिलंत. एकदा आईनं जेवण देऊन मला बैठकीवर पाठवलं, तर मी पोवळ्यांच्या वाटीत हात घातला. तुम्ही माझ्या बोटांवर मापाचा गज मारलात आणि म्हणालात, "हे परक्याचं असतं. परक्याच्या वस्तूला पोराचा हात लागता कामा न्हाय." सगळ्या बाजारासमोर. मी रडलो नाही, पण पुन्हा कधी डबा घेऊन आलो नाही, आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत. तरी एक पहाट आहे. मी जागा आहे, डोळे मिटून पडलोय, आणि तुम्ही रेशमाचा धागा माझ्या मनगटाभोवती गुंडाळून माप घेताय. बोटं गार आहेत. धागा इतका हलका की मला गुदगुल्या होतात, पण मी हलत नाही, कारण हललो तर तुम्ही उठून जाल. संध्याकाळी आईनं काळ्या-पांढऱ्या मण्यांची मनगटी माझ्या हातात बांधली आणि म्हणाली, बाजारातून आणली. मी तिला काही सांगितलं नाही.

आपलं काम घरी किती वेगळं होतं हे मला घरी बसल्यावर कळलं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, तो ताणून धरायचा, एकेक मणी ओवायचा, मधे गाठ मारायची. तुम्ही एका बैठकीत अख्खी पोत गाठवायचात, कारण तुमची ती बैठक कुणी मोडत नव्हतं. माझ्याकडं तर दोरा ताणला की पोरगी रांगत येऊन त्याच्यावरच पाय द्यायची. सर सुटायचा, मणी जमिनीभर. ते वेचेस्तोवर दूध उतू जायचं. दूध पुसतोय तर मुलगा येऊन विचारायचा, देवीला भूक लागते का? सुरुवातीला मला वाटायचं, हे सगळं कामात येणारं विघ्न आहे, हे संपलं की काम सुरू होईल. मग हळूहळू ध्यानात आलं की हे संपत नसतं. दोन गाठींच्या मधे जेवढी जागा मिळते तेवढ्यातच काम बसवायचं. पण हे ध्यानात यायच्या आधी मी एक युक्ती केली होती. पंच्याचं एक टोक पोरीच्या कमरेला आणि दुसरं खांबाला बांधायचो. शेताकडच्या बाया बांधतात तसंच. ती ताणून ताणून थकायची, रडायची, मग खांबाला टेकून झोपायची, आणि मी काम उरकायचो.

एक दिवस माकणीकडचं एक म्हातारं जोडपं आलं. देवीचं दर्शन झालं होतं, बैलगाडी गावकऱ्यांबरोबर दुपारी निघणार होती. म्हातारीच्या डोरल्याचा दोरा जीर्ण झाला होता. बाजारात कुणीतरी माझं घर दाखवलं. तिनं डोरलं काढून दिलं, गळ्यात हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घातला आणि भिंतीला टेकून बसली. म्हातारा ओट्यावर तंबाखू मळत होता. पोरगी खांबाला बांधलेली, आणि त्या दिवशी तिचं रडणं थांबेना. परक्या बाईपुढं मला लाज वाटली. मी उठून तिला सोडलं. वाटीत सोन्याचे मणी काढून ठेवले होते. मी दोऱ्याला मेण लावायला वळलो तेवढ्यात मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, तिनं खाल्ला."

पोरीला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालायला गेलो. म्हातारीनं माझं मनगटच धरलं.

"बोट घालू नगं! ती रडतीया न्हवं? रडतीया म्हंजी श्वास चालू हाय. खाली गेलाय त्यो. मणी गोल हाय, आपल्या वाटंनं जाईल."

"तुमचं सोनं..." मी म्हणालो.

"सोनं मरू दे!" ती ओरडली आणि पोरीला माझ्या हातातून घेऊन तिनं मांडीवर बसवलं. "बा मगा, बा," ये बाळा ये, असं कानडीत पुटपुटत तिला थोपटत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हिची आई कुठाय?"

मी सांगितलं. ओट्यावरून म्हातारा आत डोकावला, "चल गं, गाड्या निघाल्या."

"तुमी जावा. म्या न्हाय येत."

"आगं, मणी काय आज पडतोय व्हय?"

"मण्यासाठी न्हाय ऱ्हात म्या," ती म्हणाली. "ह्या माणसाचं त्वांड बघा. ह्यो आता रातभर पोरीच्या पोटाला कान लावून बसल. बैलं सोडा जावा."

म्हातारा मुकाट्यानं बैल सोडायला गेला. ती दोघं आमच्याच घरी राहिली. म्हातारीनं चूल ताब्यात घेतली. मऊ भात आणि केळी, दुसरं काही पोरीच्या तोंडात जाऊ दिलं नाही. मी दर घटकेला पोट चाचपायचो आणि ती हसायची, "दाबून काय निघतंय व्हय?" पण संध्याकाळी मी पाणी घेऊन आलो तर ती देवीच्या तसबिरीपुढं हात जोडून बसली होती, डोळे मिटून. तेव्हा मला कळलं की तिलाही भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पंचा हातात घेतला, तर तिनं तो माझ्याकडून काढून घेतला आणि घडी घालून फळीवर ठेवला. कोपऱ्यात कवड्यांचं पोतं होतं, देवीच्या माळांसाठीचं. त्यातल्या टपोऱ्या कवड्या वेचून तिनं परातीत ओतल्या आणि पोरीपुढं सरकवल्या. "ह्या काय गिळत न्हाय ती. ह्या दे की. तुला हातात काम लागतंय, तिला नगं व्हय?" कवड्या परातीत खळखळल्या आणि पोरगी गप्प होऊन त्यांच्याकडं बघत राहिली. म्हातारी नवऱ्याकडं हात करून मला म्हणाली, "ह्यांनी आठ लेकरांत एकाचं बी नाक पुसलं न्हाय. तू निदान पुसतुयास." म्हातारा ओशाळून हसला. थोड्या वेळानं पाहतो तर पोरगी त्याच्या मांडीवर चढली होती आणि तो दोन्ही हात वर धरून बसला होता, जणू कुणी निखारा आणून ठेवलाय.

पुढच्या सकाळी मणी पडला. तो शोधला तिनंच, मला हात लावू दिला नाही. राखेनं घासला, दुधात बुडवला आणि माझ्यापुढं ठेवला. "गाठव." मी घुटमळलो. हा मणी, डोरल्यात? "सोन्याला इटाळ न्हाय आन लेकराला बी न्हाय," ती म्हणाली. अण्णा, तेवढं चांगलं डोरलं मी आयुष्यात गाठवलेलं नाही. प्रत्येक गाठ तुम्ही दाखवायचात तशी घट्ट, आणि धाकटी शेजारी बसून परातीतल्या कवड्या खाली-वर करत होती. गाडी वळणाआड गेल्यावर मी आत आलो आणि बऱ्याच दिवसांनी रडलो. मुलगा म्हणाला, "आजी पुन्हा येईल की." मी होय म्हणालो. त्यानंतर ती आली नाही.

त्या दिवसानंतर बांधणं सुटलं. मुलाला मी लाकडी मणी ओवायला शिकवले. परक्याची वस्तू वेगळ्या पेटीत, तिला झाकण, आणि बाकीच्या घरात त्यांचा हात कुठंही लागला तरी चालेल, असा नेम केला. त्या वेळी मला तुमचा गज कळला. परक्याचं सोनं समोर असताना पोराचा हात पुढं आला की छातीत काय होतं ते मी भोगलं होतं. तुमच्या बाजूला चटई नव्हती, परात नव्हती, ती म्हातारीही नव्हती. गर्दी होती आणि पोटाची काळजी होती. तुमच्यावरचा राग सगळा गेला असं म्हणणार नाही. पण तो आता माझ्या मांडीवर बसण्याइतका लहान झालाय. आणि बाजारात मी परत जाणार नाही ते याचसाठी. गिऱ्हाईक कमी येतं, येऊ दे. मुलगा शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि दारातूनच दिवसभराचं सांगायला लागतो. आधी अलिफ-बे सांगायचा, आता मराठी पुस्तकातले धडे सांगतो. ते ऐकणारा कुणीतरी घरात असावा.

तुमची सून बरी होऊन आली ती सव्वा वर्षानं. वाळलेली, पण डोळ्यांत पाणी आणि तोंडावर पदर नाही. मुलगा धावत जाऊन बिलगला. धाकटी माझ्या धोतरामागं लपली आणि तिथूनच विचारलं, "ही कोण?" ती खाली बसली, हात पसरले नाहीत, नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "मी इथं ऱ्हाते आता." पुढं कितीतरी दिवस पोरगी तिच्या हातचं खाईना, तिच्याजवळ निजेना. तुमची सून कधी बोलली नाही, पण मी भाकऱ्या थापायला बसलो की ती उठून अंगणात जायची. मी पोरीला सांगायचो, ही तुझी आई, हिच्याकडं जा. आणि ती माझाच सदरा धरायची.

मग एक दिवस धाकटी अंगणात खेळता खेळता किंचाळली. बाभळीचा काटा तळव्यात गेला होता. लंगडत ती आत आली. मी दारापाशीच बसलो होतो, पायाच्या अंगठ्याला दोरा, शेजारी सुई. काटा काढायला माझ्याएवढं जवळ कुणी नव्हतं. हातातलं काम सोडून मी हात पुढं केले. ती माझ्या अंगावरून पुढं गेली, सरळ चुलीपाशी, आणि "आई, काटा" म्हणून तुमच्या सुनेच्या मांडीवर पाय ठेवला.

मला आनंद झाला, अण्णा. ज्यासाठी इतके दिवस देवीला हात जोडले तेच झालं होतं. तुमची सून काटा काढताना हसत होती, रडतही होती. मीही तिकडं बघून हसलो. पण पुढं केलेले हात मागं घ्यायला मला जरा वेळ लागला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.