बर्गर, माझ्या हातचा

रविवार, संध्याकाळ

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. उजवा हात लुळा पडल्यापासून सून मेघना मला चमच्याने मऊ भात भरवते. प्रेमानेच भरवते, पण चमचा तोंडाशी आला की मी मान फिरवते. आज म्हटलं, बास. बर्गर करायचा. एका हातात धरून खाता येतो.

"आई, बाहेरून मागवूया ना," मेघना म्हणाली.

"नको, मीच करणार. तू फक्त कांदा-टोमॅटो चिरून दे."

हट्ट आहे का हा? असेल.

घोडपदेवच्या नाक्यावरून आणलेला मटणाचा खिमा, मीठ, मिरपूड, एवढंच. मालवणी मसाला घालायचा मोह आवरला. डाव्या तळव्याखाली खिमा थापला. टिक्की वेडीवाकडी झाली, पण तव्यावर फुटली नाही. पाव बटरवर भाजून घेतला.

पहिला घास घेतला तोच शेजारची शालन दारातून डोकावली. "अगो, डाव्या हातान जेवतंस?"

"होय. आता ह्योच माझो जेवणाचो हात."

सॉस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. मेघना रुमाल घेऊन उठली.

"बस गं," म्हटलं, "माझं मी पुसेन." आणि आधी दुसरा घास घेतला.