कोंबड्याच्या बीजाविषयी मायला

पुणे, १२ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप मायला दोधूचा नमस्कार.

कुक्कुटपालनाचे शिक्षण नीट चालले आहे. तू दोन्ही वेळा जेवतेस ना?

बाबा गेल्यावर तू बसवलेल्या अंड्यांतून पिले निघाली नाहीत. त्यावर काकू म्हणाली, "रांडमुंड बाईना हात लागना, आते काय फुटतीन!" विधवेचा हात लागला म्हणून अंडी उबली नाहीत, हे तिचे म्हणणे मला शेजारच्या भिलाने पत्रातून कळवले.

इथे मी सूक्ष्मदर्शकातून कोंबड्यांचे बीज पाहिले. मोठ्या तुऱ्याच्या म्हाताऱ्या कोंबड्याचे बीज वाकड्या शेपटीचे, जागीच वळवळत होते. किडकिडीत तरण्याचे सरळ, जोरात पोहत गेले. बाबांनीही तुरा पाहूनच कोंबडा ठेवला, तो आता म्हातारा झाला. त्यांना हे दाखवायचे राहिले.

दोष तुझ्या हाताचा नाही, त्या म्हाताऱ्या कोंबड्याच्या बीजाचा आहे; त्याने अंडी फळलीच नसणार. तरणा कोंबडा आण. पंधरा दिवसांनी काकूसमोर तूच अंडी बसव. पहिले पिलू तिच्याच ओंजळीत दे.

तुझा
दोधू