काळी दोनची पट्टी

बाबा, उन्हाळा लागला, वाळ्याच्या ताटीवर पहिलं पाणी पडलं, की घरातल्या सगळ्यांना थंडगार वाटतं आणि मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. म्हणोत. ओल्या वाळ्याचा तो वास आपल्या वणीच्या गाण्याच्या उत्सवाचा आहे आणि तो उत्सव तुमचा होता.

कापसाचा हंगाम सरला, जिनिंग बंद पडलं, की मालक आपलं पटांगण तीन संध्याकाळ गावाला गाण्यासाठी देत. नवतपाचे नऊ जळते दिवस लागायच्या आत उरकायचं, नाहीतर माणसं भाजून निघायची. दुपारपासून जमिनीवर पाणी शिंपडायचे, टिनाच्या शेडला चारी बाजूंनी ताट्या बांधायचे. सुरुवात दिवेलागणीला आणि समाप्ती जेवणवेळेला, कारण बाया-लेकरांना येता आलं पाहिजे हा हट्ट तुमचाच, गावाच्या पेटीमास्तरांचा. बाया आपापल्या सतरंज्या घेऊन येत, कुणी फुटाणे आणी, कुणी पन्ह्याची चरवी. भजनी मंडळ उठलं की त्याच ओट्यावर कव्वाल बसत आणि आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या त्यांनाही तितक्याच जोरात टाळ्या देत. कोपऱ्यांत राहिलेली रुई वाऱ्यानं उडायची, लेकरांच्या केसांत अडकायची. खोटं कशाला बोलू, त्या तीन संध्याकाळींइतकी मी पुढे कधी खूश नव्हते.

मी सोळा वर्षांची होते, आणि त्या वर्षी त्या ओट्यावर मी गाणार होते. वर्षभर तुम्ही मला शिकवलंत. सकाळी आई चूल पेटवायची आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पेटी घेऊन बसायचात. माझी पट्टी काळी चार. तुम्हीच ती शोधलीत, एकेक सूर दाबून, कान माझ्या तोंडाशी आणून. "हे पाय, इथं तुहा गळा घरी असते. दुसऱ्याच्या घरी कायले जातं?" असं म्हणाला होतात. इतक्या उंच पट्टीला आपला मोठ्या तोंडाचा तबला चढेना, म्हणून तुम्ही तबले मढवणाऱ्या चाचांकडून माझ्यासाठी लहान तोंडाचा तबला करवून घेतलात. चाचाच वाजवायलाही बसायचे. गावातल्या कुठल्या मुलीसाठी कुणी तबला करवून घेतला होता? मी मैत्रिणींना घरी आणून तो दाखवला. लुगडं दाखवावं तसा.

उत्सवाची दुसरी संध्याकाळ. मी आईचं हिरवं लुगडं नेसून बसले आहे. समोर पहिल्या सतरंजीवर कळंबहून आलेले पाहुणे, दुपारीच आपल्या घरी पोहे खाऊन गेलेले. माझ्याआधी तुमचा एक शिष्य गातो, काळी दोनमध्ये, पुरुषांची पट्टी ती. तो उठतो, त्याच्या जागी मी बसते. चाचा पिशवीकडे हात नेतात आणि थांबतात. मोठा तबलाच समोर राहतो. तुम्ही पेटीवर बोट ठेवता. काळी दोन. मला वाटतं, चुकलात. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही भात्याकडे बघता आणि म्हणता, "चल, कर सुरू."

भर सभेत बापाला कसं सांगायचं की पट्टी चुकली? मी भजन सुरू केलं. खालचा सा धरला तर नुसती हवा. दुसऱ्या ओळीला वरचा धरला तर अंतऱ्याला आवाज फाटला. एक लेकरू खदखदून हसलं, त्याच्या आईनं त्याला दाबलं. मागून कुणी बाई म्हणाली, "काय वं, पोरीचा गळा बसला वाटते." तुम्ही शेवटपर्यंत साथ केलीत. एकही सूर चुकला नाही तुमचा.

घरी येताना आई पदरानं माझं तोंड पुसत होती. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, चूक माझी झाली. तुम्ही पुढे चालत होतात, वळूनसुद्धा न बघता म्हणालात, "रियाज कच्चा असला का असंच होते. गळ्यात नसन तं पेटी का करन?"

आठवड्यात कळंबच्या पाहुण्यांचा होकार आला. चिंतामणीच्या देवळात मी नवऱ्याबरोबर नारळ फोडला तेव्हा मनात म्हटलं, चारचौघांत असा गळा फाटलेला ऐकूनही या लोकांनी मला पदरात घेतलं. सासूबाई बोलून घ्यायच्या, मी ऐकून घ्यायची, कारण माझ्यावर उपकार होते ना. दोन लेकरं झाली. त्यांना अंगाई नाही म्हटली, बाबा. थोपटून झोपवलं.

आणि मग तुमच्या तेरवीला चाचा आले. पंगत उठल्यावर मला अंगणात बोलावलं आणि म्हणाले, "बेटी, खुदाले तोंड दाखवाचं हाय मले. तुहा तबला मी थैलीत घेऊन गेलतो त्या दिवशी. काढाले गेलो तं मास्तरनं मुंडी हालवली, नोको म्हनून."

"काहून, चाचा?"

"पाहुने म्हनले होते, स्टेजवर गानारी सून चालत नाई. पन तू तुह्या पट्टीत गायली असती, तं गावानं तुले गानं सोडू देलं नसतं. मास्तरले दोन्ही ठाऊक होतं."

मी चाचांना पाणी दिलं. दुसरं काय करणार होते? ज्याला विचारायचं त्याचा फोटो हार घालून भिंतीवर होता.

गाऊ नको म्हटलं असतंत तर मी रडले असते आणि ऐकलंही असतं. त्या काळी कोणती मुलगी ऐकत नव्हती? पण तुम्हाला वाईट व्हायचं नव्हतं. तुम्ही स्वतः हुकूम न देता माझ्या गळ्यालाच दोषी ठरवलंत. ज्या बोटांनी माझी पट्टी शोधली, त्याच बोटांनी. वीस वर्षं मी मानत राहिले की माझ्यात नव्हतंच. पाहुण्यांना मी क्षमा केली, ते परके होते.

तुमची पेटी माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात घरी कुणी नसताना ती उघडली. खरं तर तिला मोडीत घालायच्या आधी दोन शब्द तुम्हाला सुनावावेत म्हणून. काळी चार दाबली, तिथवर आता आवाज जात नाही. वयानं तो खाली आला आहे, भरडा झाला आहे. उतरत उतरत बोट काळी दोनवर आलं आणि तिथं गळा लागला. तेच भजन, अंतऱ्यासकट, कुठेही न फाटता. संपल्यावर मी उंबऱ्याकडे बघितलं, तुम्ही काही म्हणता का म्हणून. एवढं सगळं कळूनही, बाबा, मला तुमचीच 'वा' हवी होती.