पाळण्याची आडवी दांडी

आबा, उद्या सकाळी तुमच्या पणतीचं, माझ्या नातीचं, बारसं आहे. पाळणा मीच केला. मोडीत काढलेल्या बैलगाडीच्या फळ्या, हळद शिजवायच्या फुटक्या कढईच्या कड्या, आणि वरची आडवी दांडी म्हणून त्याच गाडीचं बाभळीचं जू. सगळा भार त्या जुवावर. लेक कौतुकानं फोटो काढून मैत्रिणींना पाठवतेय. मला दांडीकडं बघवत नाही.

आपल्या गावी कुरुंद्याला ट्रॅक्टर आले तेव्हा लोक गाड्या आणि तिफणी उकिरड्यावर टाकायचे, तुम्ही त्या उचलून आणायचात. आईला वाटायचं, सरपण आलं. तुम्ही चाकाच्या आऱ्यांतून चौरंगाचे पाय काढायचात. लाकूड घासून द्यायचं काम माझं. भुंग्यानं पाडलेलं भोक तुम्ही कधी बुजवलं नाहीत, उलट भोवती कोळशानं गोल काढायचात. एवढ्या देखण्या वस्तूचं व्यंग काहून दाखवता, असं मी एकदा विचारलं. तुम्ही रंधा न थांबवता म्हणालात, "दिसू दे. दिसलं तर माणूस जपून बसतंय." मग त्या वस्तूवर हळदीचं पोतं दिवसभर ठेवायचात. तेवढं टिकलं की तुमचा जीव थाऱ्यावर.

शेजारच्या काकूंच्या चौरंगाचा पाय घासताना मला असंच भोक दिसलं. मी पंधरा-सोळा वर्षांची, अंगात शहाणपणा फार. सरसात भुसा कालवला, रंग जुळावा म्हणून चिमूटभर हळद घातली, आणि असं बुजवलं की तुमच्याही नजरेतून सुटलं. पोतं दिवसभर टिकलं. महिनाभरानं काकू बसल्या आणि चौरंगाचा पाय मोडला. त्यांचं मनगट गेलं. तुम्ही बाजारातून यायच्या आत मी तो मोडका पाय चुलीत घातला. तुम्ही उरलेला चौरंग उलटासुलटा करून पाहिलात आणि आईला म्हणालात, "माझे डोळे गेले आता." रंधा खुंटीला टांगलात, तो पुन्हा काढलाच नाहीत. त्या रिकाम्या ओट्यावर बसून असायचात ते दिवस मला आजही आठवू नयेत असे वाटतात.

चार दिवसांमागं जुवात भोक निघालं. दुसरं लाकूड हाताशी नव्हतं, दिवस थोडे. मी पुन्हा सरस, भुसा आणि हळद कालवली. आज सकाळपासून पाळण्यात पोतं ठेवलंय, दांडी हललेली नाही. पण पोत्यावर माझा भरवसा उरलेला नाही, आबा. दर थोड्या वेळानं जाऊन दांडीला कान लावते.  पोत्याच्या जागी ते लेकरू झोपलेलं दिसतं.

इथवर लिहून दुपारी उठले, पटाशी घेतली आणि ते भरण कोरून काढलं. माझं बोट पेरापेरानं आत गेलं, पूर्ण गेलं. मी जू उतरवून ठेवलं.

लेक धावत आली. "आई, काहून खोललं? चांगलं तर होतं."

आतून पोकळ आहे, म्हटलं. उद्या लेकरू साडीच्या झोळीत घालू, पाळणा नवी दांडी मिळाल्यावर. ती हिरमुसली, पण बोटानं भोक चाचपलं आणि झोळीसाठी साडी शोधायला गेली. चौरंगाचं मी तिलाही सांगितलं नाही.

हा कागद कुठं पाठवणार? पटाशीच्या डब्यात ठेवते. आबा, तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते.