गाळलेले ठोके

प्रिय टिटवे,

फोनवर काही सांगायला गेलं की "आजी, पुरे" म्हणून तू मला गप्प बसवतेस, म्हणून लिहिते आहे. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे. चौथीच्या पुढे मला शाळा झेपली नाही आणि शाळेला मी. वेळ लागला तरी शेवटपर्यंत वाच, आणि शुक्रवारच्या आत वाच.

तुमच्या विज्ञानाच्या कोर्सच्या शेवटच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. झोपू नकोस म्हणून तुझी आई सारखी कोपराने ढोसत होती. मी झोपले नव्हते. तुमचा तो चष्म्यावाला गटप्रमुख बोलत होता तेवढा वेळ डोळे मिटले होते, इतकंच. त्या पोराला तहान लागली तरी तो आधी समुद्राची व्याख्या सांगेल. बांबूसारखी उंच पोरगी बरी, नेमकं बोलली आणि बसली. मग तू उठलीस. पहिल्या वाक्याला तुझा आवाज चिरकला, दुसऱ्याला सावरलास. मला बरं वाटलं. हे पुन्हा लिहिणार नाही.

बंद पडलेल्या धुलाई कारखान्यात, मागच्या भिंतीपासून दारापर्यंत, हादरे मोजणारे चार डबे तुम्ही ओळीने ठेवलेत. रस्त्यावरून ट्रक गेला की रिकामी इमारत किती थरथरते ते तुम्हाला बघायचं होतं. पडद्यावर रेघा दाखवल्यास. ट्रक गेला की डोंगर, आणि अधूनमधून बारीक काटे. दोन काटे, जरा मोकळी जागा, मग तीन. तू म्हणालीस, हे काटे आम्ही डबे तपासायला आत गेलो की येतात, बाहेर पडलो की थांबतात. पहिल्या दिवशी मागच्या डब्यावर ठळक होते, दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या, आणि चौथ्या दिवशी दाराजवळच्या. म्हणजे आमच्याच पायांनी नाहीतर वायर हलल्याने झालेला हा दोष, म्हणून आम्ही तो गाळला. तुमचे सर म्हणाले, काय टाकायचं ते कळणं हेच खरं शिक्षण. टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवर तसेच राहिले.

त्या कारखान्यात मी नऊ वर्षं काढली हे तुला माहीत आहे. का सोडला ते कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलं तर वाफेने दम लागायचा म्हणून मोकळी होते. दवाखान्यांच्या चादरी यायच्या आमच्याकडे, गाडेच्या गाडे. धुण्याची पिंपं फिरायला लागली की स्वतःचा खोकलाही ऐकू यायचा नाही. म्हणून आम्ही बायका लोखंडी खांबांवर पान्याने ठोकून बोलायचो. तो ठोका पायातून अंगात यायचा, कान लागायचे नाहीत. एक म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे गाडा पाठव. दोन आणि तीन म्हणजे हातातलं टाक आणि बाहेर पड. आणि एक नियम होता. दोन आणि तीन देणारीने, समोरून एक ठोका आल्याशिवाय जागा सोडायची नाही. समोरचीला कळलं असेल असं धरून निघून गेल्याने आधी एकजणी वाफेत भाजली होती, तेव्हापासूनचा नियम.

माझी जोडीदारीण होती, तिला आम्ही नकटी म्हणायचो. ती मागे इस्त्रीच्या रुळांवर, मी दाराशी घड्यांवर. वाफेने वरच्या तुळया कुजल्या होत्या, हे मालक सोडून सगळ्यांना दिसत होतं. एके दुपारी दोन आणि तीन आले. मला नीट कळले. पाना माझ्या कमरेला होता आणि खांब हाताच्या अंतरावर. एकदा मारायचा होता, टिटवे. मी पळाले. अंगणात गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते, तेव्हा पायाखालच्या जमिनीत पुन्हा आले. दोन आणि तीन. पुन्हा दोन आणि तीन. मग मागचं छप्पर खाली आलं. लोक म्हणाले, बिचारीला वेळच मिळाला नाही. वेळ होता. उत्तर नव्हतं.

भूतखेत मी मानत नाही. नकटी जिवंतपणीही कुणाला घाबरवण्यातली नव्हती, उंदीर दिसला तर तीच गाड्यावर चढायची. तिला नियम माहीत आहे, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही आत गेलात, तिने बाहेर पडा म्हणून सांगितलं, उत्तर आलं नाही. म्हणून ती एक खांब पुढे आली. मग आणखी एक. आणि त्या पडद्यावर दुसरंही काही होतं, ते तुम्हा पोरांच्या आणि सरांच्या नजरेतून सुटलं. ट्रकचे डोंगरही रोज थोडे उंच होत गेले होते. ट्रक काही रोज वाढत नाहीत. तेव्हाचं पडल्यावर नव्याने बांधलेलं छप्परही आता सैल झालं आहे.

शुक्रवारी पुढच्या स्पर्धेसाठी तुम्ही पुन्हा डबे लावायला जाणार आहात. जायचं नाही. आजी आडवी पडली म्हणून सांग, चष्म्याला हसू दे. मी गुरुवारी दुपारी जाऊन येते. पहारेकरी ओळखीचा आहे. दारातल्या खांबावर एक ठोका द्यायचा आणि परत फिरायचं, इतकंच काम, चाळीस वर्षं उशिरा का होईना. पण ती आत असताना मला दारातून परत फिरणं जमेल की नाही, हे मी खात्रीने लिहू शकत नाही. संध्याकाळपर्यंत घरी आले नाही, तर मोठ्या माणसांना बोलाव, तू आत पाऊल टाकू नकोस. उंबऱ्याबाहेर उभी राहा आणि पायांकडे लक्ष दे. दोन आणि तीन आले, तर दारातल्या खांबावर एकदाच ठोक आणि मागे न बघता चालू लाग. मला ताटकळत ठेवू नकोस.

तुझीच,
तोंडाळ आजी