लांडग्याचं चित्र

७ फेब्रुवारी १९३४, जालना

बायबलातल्या चित्रांची गुंडाळी आज माझ्याकडे आली. यांची होती. मिशनच्या मडमसाहेब म्हणाल्या, "शरयूबाई, दीनानाथांचं काम आता तुम्ही करा. वाडीवरच्या बायका तुमचं ऐकतील." बरं, म्हणाले. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणते.

घरी आणून उलगडली. गाडीरस्त्याची धूळ बसलीय. हे नाताळाच्या आधी गेले, तेव्हापासून कुणी झटकलेली नाही. झटकली. परत गुंडाळली. काही वाटलं नाही.

९ फेब्रुवारी

सोनूबाई शिकवायला आल्या. मिशनच्या या कामातच त्या म्हाताऱ्या झाल्या. एकेक चित्र भिंतीला टांगून माझ्याकडून घोकून घेतलं. कबुतर — पवित्र आत्मा. साप — सैतान. कोकरू — प्रभू. सिंह — प्रभूच, यहूदाच्या वंशाचा सिंह.

इथं अडले. बायबलात पेत्रानं लिहिलंय की सैतान सिंहासारखा गर्जत फिरतो, कुणाला गिळू म्हणत. मग तो कोणता?

"तो पण सिंहच!"

"एकच जनावर दोघांना?"

"दोन्ही एका दिवशी सांगू नको, बाई. बायका गोंधळून जातात."

मी नाही गोंधळले. उलट वाटलं, बरोबर आहे. अंगावर आलाय तो कोणता, हे लांबून कसं कळावं?

१४ फेब्रुवारी

वाडीवर गेलो — सोनूबाई, मी, गाडी हाकायला रखमाजी. बायका लिंबाखाली जमल्या. आमच्या लोकांतल्या जवळ. शेतकऱ्यांच्या घरच्या लांब, आमचा विटाळ नको म्हणून.

दानिएलाची गोष्ट सांगितली. त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं, देवानं सिंहांची तोंडं बंद केली, माणूस धडधाकट बाहेर आला! माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

लांबच्यांतली एक उठली. "समद्यांचीच तोंडं बंद केली? येक बी सुटला न्हाई?"

"एकही नाही."

"मंग लांडग्याचं तोंड बंद करायला त्याला काय झाल्तं?"

सोनूबाईंनी घाईघाईनं भजन धरलं.

परतताना रखमाजीनं सांगितलं. तिचं नाव पुष्पाबाई, कडूबाची बायको. मागच्या उन्हाळ्यात खळ्यावर निजलेली पोरगी लांडग्यानं उचलून नेली. ओढ्यात झबलं तेवढं सापडलं.

१५ फेब्रुवारी

भाकरी केली. खाल्ली नाही.

२१ फेब्रुवारी

आजच्या चित्रांत यशया संदेष्ट्यानं पाहिलेलं देवाचं राज्य होतं. लांडगा कोकराशेजारी बसलेला, सिंह बैलासारखा कडबा खातोय, आणि एक लहान लेकरू त्या सगळ्यांना हाकत चाललंय. सोनूबाई आधीच म्हणाल्या, "हे राहू दे. तिच्यापुढं नको." बरं, म्हणाले. पण गुंडाळी उलटताना नेमकं तेच समोर आलं.

पुष्पाबाई उठून पुढं आली. इतकी जवळ पहिल्यांदाच. लांडग्यावर बोट ठेवलं.

"ह्यो. पर असा गरीब न्हवता."

मग लेकरावर. "हे कुनाचं?"

"कुणाचंही. असं राज्य येणार आहे."

"मंग ह्याला खात न्हाई त्यो?"

"नाही."

"कवा येनार?"

उत्तर पाठ होतं. तरी "मला माहीत नाही," म्हणाले.

ती लेकराच्या तोंडाकडे बघत राहिली. "हसून राह्यलंय," म्हणाली. तेवढ्यात तिची सासू तुळजाबाई रस्त्यावरून ओरडली, "पुष्पे! शिवू नको तिकडं!" ती गेली.

२३ फेब्रुवारी

मडमसाहेबांनी बोलावलं. सोनूबाईंनी सांगितलेलं दिसतंय.

"माहीत नाही असं म्हणायचं नसतं, शरयूबाई. आपल्याकडे आशा आहे. दीनानाथ गेले तेव्हा तुम्ही विश्वासाची केवढी साक्ष दिलीत! डोळ्यांत एक टिपूस नाही!"

साक्ष! यांची छाती भरली, श्वास कमी कमी होत गेला, मी शेक देत होते. मातीच्या वेळी जो तो सांगत होता — ते प्रभूजवळ गेले, रडायचं नाही. मी नाही रडले. यात धीर कुठला? आलंच नाही रडू. अजून येत नाही. परवा तव्याला बोट लागलं, तेही फोड आल्यावर कळलं.

हे त्यांना सांगितलं नाही. बरं, म्हणाले.

८ मार्च

रखमाजी सांगत आला, वाडीच्या लोकांनी लांडगा मारला. ओढ्याकाठचं बीळ खणून काढलं. मादी निघाली. पिल्लंही होती. पहिली काठी कडूबानं घातली.

"देवानं न्याय केला," सोनूबाई म्हणाल्या. मडमसाहेबही खुशीत होत्या. मी थोडा वेळ पिल्लांचा विचार केला. मग तोही राहिला नाही.

१४ मार्च

वाडी. लांडगीचं कातडं चिंचेला टांगलंय. केवढंसं! कुत्र्याएवढं.

गुंडाळी सोडलीच नाही आज. सोनूबाई दोनदा म्हणाल्या, "अगं, दाखव ना!" हात उचलेना. बायका जरा बसल्या, मग एकेक उठून गेली. पुष्पाबाई राहिली. हातभर अंतरावर येऊन बसली.

"मारली, बाई."

"हो. कळलं."

"मला वाटल्तं, ती मेली की हितलं सुटंल." छातीवर हात ठेवला. "मालक रडले. सासू रडली. मला काईच वाटलं न्हाई. बिलकुल न्हाई. लाकडावानी बसून होते."

मग एकदम माझ्याकडे वळून — "तुमचे मालक गेल्ते तवा तुमाला वाटलं का काई?"

सोनूबाई कान देऊन होत्या. बोलेन ते आजच्या आज मडमसाहेबांकडे पोचणार होतं.

"नाही," म्हणाले. "अजूनही वाटत नाही."

"आसं," ती म्हणाली.

एवढंच. गाडी जुंपेपर्यंत दोघी बसून राहिलो.

१६ मार्च

गुंडाळी परत मागवली. "तुम्ही थकलात. थोडे दिवस विश्रांती घ्या," मडमसाहेब म्हणाल्या. चांगल्या आवाजात म्हणाल्या. बरं म्हणणार होते, म्हटलं नाही. गुंडाळी नेऊन दिली.

१८ मार्च

मिशनच्या देवळात बसले. उपदेश सिंहावर होता. कोणता सिंह ते ऐकलं नाही.

२१ मार्च

काम नव्हतं, तरी वाडीवर गेले. एकटी, पायी. पुष्पाबाई दारात होती. विटाळ नको म्हणून मी अंगणातच थांबले. तिनं माझा हात धरला, सरळ आत नेलं, चुलीपुढं बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला. "दमलात. प्या. मंग सांगा, कसे व्हते तुमचे मालक?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.

"गाता येत नव्हतं," म्हणाले, "तरी गायचे —" आणि माझ्या तोंडून असा हंबरडा निघाला की गोठ्यातून तुळजाबाई धावत आल्या. मला बघितलं. माझ्या हातातला तांब्या बघितला. पुष्पाबाई मला धरून रडत होती, तिलाही बघितलं.

"रडू दे," तुळजाबाई म्हणाल्या. "दोघींनी बी रडा. तांब्याचं मंग बघू."