शिळ्या सहीचं इंजिन

काळाचौकी, मुंबई
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

ती. नाना,

(रागावलेले असलात तरी तीर्थरूपच.) तुमच्या बहिणीचा नवरा सीताराम याचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे साष्टांग जमत नाही, तेव्हा उभ्यानेच मानून घ्या. वहिनींची कंबर कशी आहे? काजू यंदा बरा आहे ना? माळ्यावरच्या मांजरीला पिल्लं झाली का? तुमची तब्येत विचारत नाही, कारण रागाने माणूस ठणठणीत राहतो असा तुमच्या घराण्याचा अनुभव आहे (शैला गेली सव्वीस वर्षं एकदाही आजारी पडलेली नाही). पत्र अशासाठी की तुम्ही माझा फोन उचलत नाही. दर्शनाच्या लग्नाला येणार नाही, भाचीला बोहल्यावर न्यायला दुसरा मामा शोधा, असा निरोप तुम्ही पाठवलात. नाना, दुसरा मामा आणू कुठून? शैलाला भाऊ एकच. म्हणून साखरपुड्याच्या दिवशी काय झालं ते सगळं लिहितो. शेवटपर्यंत वाचा आणि मगच फाडा.

आधी माझ्या नोकरीबद्दल, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. सीताराम इंजिनात बसून पगार खातो, असं तुम्ही गावभर सांगता. खोटं नाही ते. गुडघा धरल्यापासून मला राखीव इंजिनावर टाकलंय. लग्नात कसा एक जादा आचारी आणून बसवतात, मुख्य आचारी आडवा झाला तर असावा म्हणून, तसं आमच्या यार्डाच्या कडेला एक धडधाकट इंजिन उभं करून ठेवतात. वाटेत कुठल्या गाडीचं इंजिन बसलं की याने जायचं आणि तिला ओढून आणायचं. इंजिन एकटं जात नाही, म्हणून त्यात दोन माणसं. एक मी आणि दुसरा माझा असिस्टंट स्वरूप (चाळिशीचा, वरळी कोळीवाड्यातला, माणूस सोन्यासारखा, पण डब्यात रोज सुकट, आता इंजिनालाही तो वास लागलाय). सकाळी आठला लॉबीत, म्हणजे आम्हाला ड्युट्या वाटतात त्या ऑफिसात जायचं, नळीत फुंकून प्यायलेलो नाही हे सिद्ध करायचं, मोबाईल बंद करायचा आणि चारपर्यंत बसायचं. हुकूम आला की दहा मिनिटांत चाक हललं पाहिजे, म्हणून चहालासुद्धा दोघांनी एकदम उतरायचं नाही. हुकूम आला तर तो नेहमी कल्याणच्या बाजूचा. तुमच्या बाजूचा तीन महिन्यांत एकही नाही, तुमच्याकडची इंजिनं गुणी. राहिलेल्या वेळात मी लग्नाची यादी चार वेळा केली (चारही वेळा तुमचं नाव पहिलं आहे, यादी दाखवू शकतो).

आता खरी मेख ऐका. इंजिन चालवता येतं म्हणून ते कुठेही नेता येत नाही. प्रत्येक मार्गाची वेगळी सही लागते, की इथले चढ-उतार, वळणं, सिग्नल मला ठाऊक आहेत. तीन महिने त्या मार्गावर फेरी झाली नाही की सही शिळी. मग ताज्या सहीचा माणूस सोबत घेऊन एक फेरी मारायची, की आपली पुन्हा ताजी. तुमच्या बाजूची माझी अशी फेरी लागली होती, पण नेमकी ज्या दिवशी दर्शनाला बघायला येणार होते त्याच दिवशी. बापाने घरात असायला हवं असं शैलाने बजावलं, आणि मी फेरी पुढे ढकलली. त्यानंतर मला पाठवायला ऑफिसला सवड झाली नाही, आणि मी आठवणही करून दिली नाही. साखरपुड्याच्या चार दिवस आधी सही शिळी झाली. तारीख वहीत होती आणि वही माझ्याच खिशात होती. माझं चुकलं, नाना, इथे मी सबब सांगत नाही.

आणि त्याच आठवड्यात मी तुम्हाला फोनवर काय म्हणालो होतो? तुम्ही बिचारे आदल्या दिवशी यायला निघाला होतात. मीच म्हटलं, कशाला बागेचा एक दिवस मोडता, सकाळच्या गाडीने निघा, चारला दादरला उतराल, साखरपुडा सहाला आहे. तुम्ही विचारलंत, गाडी वाटेत बंद पडली तर? मी म्हटलं, "मग मी कशाला आहे? अर्ध्या तासात येऊन घेऊन जातो." हे वाक्य मला हल्ली जेवताना आठवतं.

त्या दिवशी पावणेदोनला हुकूम आला, पेणच्या अलीकडे गाडी बसली आहे, निघा. सातव्या मिनिटाला आम्ही तयार. तेवढ्यात लॉबीतल्या बाबूने रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, थांबा. ताज्या सहीचं माणूस शोधलं तर मोकळी एकच, अँटॉप हिलच्या क्वार्टर्समधली रंजिता. बोलावणं गेल्यापासून हजर व्हायला दोन तासांची मुदत असते, ती बिचारी दीड तासात आली, ओल्या केसांनी. तोवर, दुसऱ्याला सोडवायला निघालेले आम्ही, आम्हाला कोणी सोडवायला येतंय का याची वाट बघत तयार इंजिनात बसून. अशात शैलाने थेट लॉबीत फोन लावला. माझा भाऊ तिथे शेतात उभा आहे आणि आमचे हे इथे रिकामं इंजिन घेऊन बसलेत, त्यांना जरा हाकला, असं तिने बाबूला सांगितलं. बाबूने ते मला यार्डाच्या लाऊडस्पीकरवरून कळवलं. म्हणजे साऱ्या यार्डाला.

गंमत अशी की रंजिताला तो मार्ग शिकवला मीच. सहा वर्षांपूर्वी ती माझी असिस्टंट होती. आता ती शेजारी उभी राहून मला पुढचं वळण सांगायला लागल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, चिंच आली की वेग कमी करायचा, हे तुला दाखवलं कोणी? ती शांतपणे म्हणाली, "सर, चिंच गेल्या महिन्यात तोडली. तिथे आता नवा सिग्नल आहे." नियम करणाऱ्याला यार्डापासून शिव्या देत निघालो होतो, त्या तिथेच गिळल्या. पुढे सगळा रस्ता ती सांगेल तसं निमूटपणे केलं.

पाचच्या सुमाराला इंजिन तुमच्या गाडीला लागलं. तिथे काय झालं ते तुम्ही स्वतः पाहिलंत, म्हणून लिहीत नाही. येताना वाटेतल्या प्रत्येक गाडीला आधी सोडलं आणि आपल्याला बाजूला उभं केलं. तुम्ही हॉलवर पोचलात तेव्हा खुर्च्या एकावर एक चढल्या होत्या. मामाकडची साडी तुम्ही शैलाच्या हातात ठेवलीत आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरलात. मी इंजिन यार्डात सोडून आलो, तर दर्शना ती साडी मांडीवर घेऊन एकटी बसलेली. मला म्हणाली, "बाबा, मामाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." नाना, काय राग काढायचा तो माझ्यावर काढा, पण तिला बोहल्यावर तुम्हीच न्या. हात जोडतो (हे मला जमतं).

वहिनींना नमस्कार. मांजरीची खुशाली कळवा.

तुमच्या बहिणीच्या नशिबी आलेला,
सीताराम

ता. क. रेल्वेकडे तुम्ही केलेली ऑनलाइन तक्रार फोटोसकट आमच्या साहेबांच्या टेबलावर आली आहे. फोटो छान आलाय. डोळ्यांवर टोपी ओढून, मान छातीत घालून बसलेला जो 'झोपलेला चालक' त्यात आहे, तो मी. छत्री घेऊन खडीवरून चालत येऊन तुम्ही ओरडलात, "निजल्यात काय रे मेल्यांनू? थंय माझ्या भाचीचो साखरपुडो आसा!" तेव्हा स्वरूप आणि रंजिता खाली गाडी जोडत होते आणि वर मी एकटाच होतो. अर्ध्या तासात येतो म्हणणाऱ्याने कुठल्या तोंडाने वर बघायचं? तक्रार मागे घेऊ नका, गाडीला उशीर झाला हे खरंच आहे. फक्त 'झोपलेला' आहे तिथे 'लपलेला' असं लेखी करून द्या. ड्युटीवर झोपणं हा मोठा गुन्हा, त्यात माझी लग्नाची रजा जाईल. बायकोच्या भावापासून लपण्याबद्दल नियमांच्या पुस्तकात काहीही नाही, मी दोनदा पाहिलं.

आणखी एक. सही ताजी करायची फेरी अजून बाकी आहे (त्या दिवशी अर्ध्या वाटेतून परतलो, ती फेरी धरत नाहीत). लग्नाला कुठल्या तारखेच्या गाडीने निघताय ते कळवा, त्याच गाडीच्या इंजिनात मी ती फेरी लावून घेतो. बंद पडली तर दोघं एकाच शेतात उभे राहू. या वेळी टोपी काढून खाली उतरेन.

(शैलाच्या हातचं.) नाना, पत्र वाचलं. फोटोही बघितला. सव्वीस वर्षं बघतेय, हे झोपले की तोंड उघडं असतं. फोटोत बंद आहे. तसं मी साहेबांना लिहून देते. दर्शनाने तुझी साडी अजून घडीतून काढलेली नाही, मामा आल्यावरच काढणार म्हणते. 'झोपलेला'च्या जागी 'लपलेला' लिहिलेला कागद सोबत पाठवलाय. त्यावर सही कर, आणि तो घेऊन तूच ये.